उशीतली धूळ, पहाटेची धाप आणि आतल्या पेशी

खानापूर तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षिकेनं लिहिलं आहे. मुलगी अकरा वर्षांची. मिरगाचा पाऊस सुरू झाला की पहाटे चारच्या सुमारास शिंकांची माळ लागते, नाक चोंदतं, मग कोरडा खोकला आणि छातीत घुरघुर. बेळगावात दाखवलं, हातावर टोचून चाचणी केली, धुळीतल्या माइटची ॲलर्जी निघाली. रक्तात आयजीई (ॲलर्जीत वाढणारं एक प्रतिद्रव्य) ९८० आणि इओसिनोफिल (एका जातीच्या पांढऱ्या पेशी) ९ टक्के. डॉक्टरांनी दमा आहे म्हणून तोंडानं ओढायचा पंप लिहून दिलाय, पण तो सुरू करायला घरात कुणी तयार नाही. बाई विचारतात, "घर मी रोज दोनदा झाडतो, पुसतो, तरी धुळीची ॲलर्जी कशी? पोरीची प्रतिकारशक्तीच कमी आहे काय? वाढवायला काय देऊ? पंपाची सवय लागते म्हणतात, ते खरं काय? आत नेमकं काय होतंय ते मला कळलं तर मी घरच्यांना सांगू शकेन." आणि पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ: घट बसायच्या आधी नदीवर वाकळा धुवायला मुलगी दरवर्षी हट्टानं येते, यंदा तिला न्यावं का?

बाई, आधी प्रतिकारशक्तीचं बोलू. तुमच्या मुलीची प्रतिकारशक्ती कमी नाही. तिच्या नाकात आणि श्वासनळीत ती पुरेपूर जोर लावून काम करते आहे, पण ज्याच्याशी भांडायचं काही कारणच नव्हतं त्याच्याशी भांडते आहे. त्याच माइटच्या धुळीत तुम्ही झोपता, तुमचे मालक झोपतात, तुम्हाला काही होत नाही. मुलीच्या शरीरानं ती धूळ शत्रू ठरवली, आणि एकदा ठरवलं की काही पेशी ते वर्षानुवर्षं विसरत नाहीत. ताकद वाढवून हे विसरणं होत नसतं. म्हणून पावडरी, सरबतं, काढे यांवर पैसे घालू नका. च्यवनप्राश आवडीनं खात असेल तर खाऊ दे, पण पंपाच्या जागी नको.

आता धूळ. 'धुळीची ॲलर्जी' म्हटलं की माणसाच्या डोळ्यापुढं रस्त्यावरचा तांबडा धुरळा येतो. सुरुवातीची काही वर्षं मीसुद्धा 'धुळीपासून जपा' एवढंच सांगून पुढचा पेशंट बोलवायचो. नंदगडकडच्या एक आजी त्या सल्ल्यावर चार वर्षं तोंडाला पदर लावून अंगणात वावरल्या, जत्रेला जायचं सोडलं, मळणीच्या दिवसांत शेताकडं फिरकल्या नाहीत. आणि रात्री मात्र लग्नात मिळालेल्या कापसाच्या उशीवर डोकं ठेवून झोपत राहिल्या. त्या उशीबद्दल मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. माझी चूक होती आणि त्यांची चार वर्षं गेली, ते मला अजून सलतं. तेव्हापासून नवीन पेशंट आला की मी पहिल्यांदा अंथरूण-पांघरूण विचारतो.

माइट हा कोळी आणि गोचीड यांच्या गोतातला आठ पायांचा जीव. लांबी पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही म्हटलं तरी चालेल. चावत नाही, रक्त पीत नाही, ढेकणाशी त्याचा संबंध नाही. आपल्या कातडीचा जो कोंडा रोज गळतो त्यावर तो जगतो. घरातल्या धुळीनं होणाऱ्या ॲलर्जीचं मूळ हा जीव आहे, हे १९६४ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या लायडनच्या फोरहोर्स्ट, स्पीक्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं.

एकदा जांबोटीकडच्या एका पेशंटला मी त्याची उशीच घेऊन यायला सांगितलं. काळ्या कागदावर ती झटकली आणि खाली पडलेली बारीक धूळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. आधी नुसते कापसाचे तंतू आणि कोंड्याचे पापुद्रे दिसले. मग एका तंतूआडून तो बाहेर आला. मोत्यासारखा पांढुरका, अंगावर बोटांच्या ठशासारख्या बारीक रेघा, मागं दोन-चार लांब केस. दिव्याचा उजेड नको म्हणून हळूहळू सावलीकडं सरकत होता. त्याच्या भोवती राजगिऱ्यासारखे गोल दाणे पडलेले होते, काही सुटे, काही एकमेकांना चिकटलेले. पेशंटला मी ते दाणे दाखवले, कारण आजार मुख्यतः त्यांनी होतो. ती माइटची विष्ठा. एक माइट दिवसाला साधारण वीस दाणे टाकतो, आणि एकेक दाणा १० ते ४० मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग).

माइट पाणी पीत नाही, हवेतला ओलावाच अंगात शोषून घेतो. हवेतली आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर तो वाळून मरतो, आणि ७०-८० टक्के आर्द्रता नि २०-२५ अंश तापमान मिळालं तर भराभर वाढतो. आता आपला पावसाळा आठवा. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात चार-चार महिने दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, अंथरुणाला कुबट वास येतो. माइटला यापेक्षा चांगलं घर मिळणार नाही. अथणी-रायबागकडच्या कोरड्या भागात त्याचं एवढं फावत नाही. हवा कोरडी पडली की पुष्कळ माइट मरतात, पण त्यांचे दाणे गादीत महिनोन्‌महिने तसेच राहतात. त्यामुळं पाऊस सरला तरी त्रास दिवाळीपर्यंत, कधी संक्रांतीपर्यंत ओढतो.

आणखी एक गोष्ट तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. हे दाणे जड असतात. गादी झटकली तर उडतात आणि पंधरा-वीस मिनिटांत परत खाली बसतात. हवेत दिवसभर तरंगत नाहीत. तेव्हा फरशी लख्ख असून उपयोग किती? पोर आठ तास उशीत नाक खुपसून झोपते, तिचा सगळा संबंध तिथंच येतो. हवा शुद्ध करायच्या महागड्या मशीनलाही माइटच्या बाबतीत म्हणूनच फारसा अर्थ नाही.

दाणा नाकाच्या किंवा श्वासनळीच्या ओल्या अस्तरावर बसला की विरघळायला लागतो आणि त्यातली प्रथिनं बाहेर पडतात. त्यांतलं एक मुख्य प्रथिन म्हणजे डर-पी-१. हे माइटच्या पोटातलं पचवण्याचं रसायन आहे. मटण लवकर शिजावं म्हणून आपल्याकडं कच्च्या पपईची फोड टाकतात ना? पपईतलं पपेन आणि हे डर-पी-१ एकाच घराण्यातली. दोघंही प्रथिनं तोडतात. श्वासनळीच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात, त्यामुळं बाहेरचं सहसा आत जात नाही. डर-पी-१ ती शिवण उसवतं. मग त्याचं स्वतःचं आणि बाकीच्या प्रथिनांचं अस्तराखाली जाणं सोपं होतं.

दुसरं प्रथिन डर-पी-२. त्याचं काम आणखी चमत्कारिक. जिवाणूंच्या वेष्टणाचा अंश ओळखण्यासाठी आपल्या पेशींवर एक संवेदक असतो, आणि त्याला मदतीला आपलंच एक प्रथिन लागतं. डर-पी-२ ची घडण त्या मदतनीस प्रथिनासारखी आहे. त्याच्या जागी ते जाऊन बसतं आणि जिवाणूंचा अगदी थोडा अंश असला तरी संवेदक पेटवतं. २००९ मध्ये हे उलगडलं. बाहेरून आलेला निरुपद्रवी कण आणि खरा जंतुसंसर्ग यांतला फरक शरीराला का कळत नाही, याचा एक धागा इथं मिळतो.

उसवलेलं अस्तर गप्प बसत नाही. त्याच्या पेशी दुसऱ्या पेशींना निरोप देणारी तीन रसायनं सोडतात: टीएसएलपी, इंटरल्यूकिन-२५ आणि इंटरल्यूकिन-३३. गावात आग लागली की कोणी तरी देवळाची घंटा बडवतं, तसला हा प्रकार. ही हाक पहिल्यांदा ऐकतात त्या आयएलसी-२ नावाच्या पेशी. २०१० च्या आसपास त्यांची नीट ओळख झाली. मी शिकत होतो तेव्हाच्या पुस्तकांत त्या नव्हत्याच. त्यांना माइट, परागकण, जंत यांतलं काही वेगळं ओळखता येत नाही. घंटा वाजली की काही तासांत त्या इंटरल्यूकिन-५ आणि १३ ओतायला लागतात.

पण आजार पक्का होतो तो डेंड्रायटिक पेशींमुळं. फांद्या फुटल्यासारखे हात असलेल्या या पेशी अस्तराखाली जाळं पसरून बसलेल्या असतात. राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये त्या पहिल्यांदा ओळखल्या आणि २०११ मध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं. डेंड्रायटिक पेशी माइटचं प्रथिन गिळते, त्याचे तुकडे करते, तो तुकडा अंगावर मिरवत श्वासनळीजवळच्या लसिकाग्रंथीत जाते आणि तिथल्या कोऱ्या टी पेशींना, म्हणजे शत्रू ओळखायला शिकणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवते. बाई, तुम्ही पहिलीचा वर्ग शिकवता, म्हणून सांगतो. कोऱ्या टी पेशीला कशाबद्दलच मत नसतं. समोरचा तुकडा कोणत्या सुरात दाखवला जातो यावर ती काय शिकणार ते ठरतं. डेंड्रायटिक पेशी शांत असेल तर टी पेशी शिकते की याच्याकडं दुर्लक्ष करायचं. टीएसएलपी आणि इंटरल्यूकिन-३३ च्या कल्लोळातून आलेली असेल तर शिकते की हा जंतासारखा शत्रू आहे. अशी शिकलेली टी पेशी म्हणजे टीएच-२.

टीएच-२ पेशी तीन कामं करून घेते. इंटरल्यूकिन-४ सोडून प्रतिद्रव्यं बनवणाऱ्या बी पेशींना आयजीई बनवायला लावते. इंटरल्यूकिन-५ सोडून हाडाच्या मगजातून इओसिनोफिल मागवते. इंटरल्यूकिन-१३ सोडून श्वासनळीत चिकट कफ वाढवते आणि तिथले स्नायू चिडखोर करते. यांतल्या काही टीएच-२ पेशी पुढं फुफ्फुसातच मुक्काम ठोकतात. सुट्टीत पोर कोरड्या भागात मावशीकडं महिनाभर राहून आली आणि ठणठणीत होती, परत आली आणि तिसऱ्या रात्री घुरघुर सुरू, असं आईबाप सांगतात तेव्हा मला या मुक्कामी पेशी आठवतात. त्यांना पुन्हा शिकावं लागत नाही. ओळखीचा तुकडा दिसला की पुरे.

आयजीईची गोष्ट थोडी सांगायलाच हवी, कारण तुमच्या मुलीच्या हातावर जी चाचणी झाली तिची ती आजी आहे. १९२१ मध्ये प्राउस्निट्झ आणि क्युस्टनर या दोन डॉक्टरांनी स्वतःवर प्रयोग केला. क्युस्टनर यांना माशाचं वावडं होतं. त्यांच्या रक्तातला पातळ भाग प्राउस्निट्झ यांच्या कातडीत टोचला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. ज्यांना मासे छान पचत होते त्या प्राउस्निट्झ यांच्या कातडीवर गांधी उठली. म्हणजे वावडं रक्तातून नेता येत होतं. ते नेणारी वस्तू कोणती, हे कळायला १९६६-६७ साल उजाडलं: अमेरिकेत इशिझाका पती-पत्नींनी आणि स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिख यांनी ती शोधली. १९६८ मध्ये तिचं नाव आयजीई ठरलं.

आयजीई रक्तात दोनेक दिवसच टिकते, पण मास्ट पेशीच्या अंगावर जाऊन चिकटली की आठवडे राहते. मास्ट पेशी कातडीत, नाकात, श्वासनळीत ठिकठिकाणी असतात आणि त्यांच्या पोटात हिस्टामिनच्या पुड्या भरलेल्या असतात. माइटचं प्रथिन आलं, शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम पकडलं, की त्या पुड्या फुटतात. चाचणीच्या वेळी तुम्ही शेजारी असाल तर आठवून बघा. हातावर पेनानं खुणा, प्रत्येक खुणेशी एक थेंब, थेंबातून सुईचं टोक जरा टेकवलं, रक्तसुद्धा आलं नाही. पाच मिनिटांत माइटच्या थेंबाजवळ खाज सुटली, कडेनं लाली पसरली, पंधराव्या मिनिटाला मध्ये पांढरी फुगीर गांधी. ती तीन मिलिमीटर किंवा जास्त भरली की चाचणी होकारार्थी. तुमच्या डोळ्यांदेखत मास्ट पेशी फुटल्या होत्या. पहाटे तेच नाकात होतं: खाज, शिंका, पाणी.

तरी नुसती गांधी उठली म्हणजे आजार झाला असं नाही. चाचणी होकारार्थी येऊनही कसला त्रास नसलेली माणसं भरपूर आहेत. त्रास आणि चाचणी यांची सांगड बसली तरच माइटला दोष द्यायचा. तुमच्या मुलीत ती बसते.

पहाटेच का? माइटशी गाठ पडल्यावर पहिला झटका काही मिनिटांत येतो आणि तासा-दोन तासांत ओसरतो. दुसरी लाट चार ते आठ तासांनी येते. पोर नऊ-दहाला झोपते, त्यावरून हिशेब करा. शिवाय श्वासनळ्या कुणाच्याही पहाटे चारच्या सुमारासच सगळ्यांत अरुंद असतात. दोन्ही एकाच घटकेला जुळून येतं.

या दुसऱ्या लाटेत मुख्य पेशी असते इओसिनोफिल. आपल्याकडं 'इस्नोफिलिया झालाय' असं जे म्हणतात ते हिच्यावरूनच. तिच्या पोटातली प्रथिनं जंतांची कातडी जाळण्यासाठी असतात. श्वासनळीत जंत नसतात, तेव्हा आपलंच अस्तर सोलवटतं. सोलवटलेलं अस्तर पुन्हा टीएसएलपी आणि इंटरल्यूकिन-३३ सोडतं, आणि चक्र फिरत राहतं. दमेकऱ्याचा चिकट कफ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यात कधी कधी दोन्ही टोकांना टोकदार, होकायंत्राच्या काट्यासारखे स्वच्छ स्फटिक चमकतात. मेलेल्या इओसिनोफिलमधल्या एका प्रथिनाचे ते बनलेले असतात. आतली सूज किती जुनी आणि किती खरी आहे, हे मला ते स्फटिक पाहूनच पहिल्यांदा मनापासून पटलं होतं.

इथं एक सावधगिरी. आयजीई आणि इओसिनोफिल ही दोन्ही मूळची जंतांविरुद्धची हत्यारं आहेत, त्यामुळं पोटात जंत असले तरी दोन्ही आकडे वाढतात. आयजीई ९८० पाहून कुणी 'भयंकर ॲलर्जी' म्हणालं तर घाबरू नका. तो आकडा आजाराची तीव्रता मोजत नाही. राष्ट्रीय जंतनाशक दिनाची गोळी तुम्ही स्वतः शाळेत वाटता, ती मुलीलाही मिळाली की नाही बघा. इओसिनोफिल खूपच जास्त, हजारांच्या घरात असतील, तर हत्तीरोगाच्या जंतामुळं होणारा फुफ्फुसाचा आजारही तपासावा लागतो. त्याचं औषध वेगळं आहे.

मग बाकी घर त्याच अंथरुणात झोपून ठीक कसं? त्यांच्याकडं नियंत्रक टी पेशी आपलं काम करताहेत. या पेशी बाकीच्या पेशींना आवरतात. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल याच शोधासाठी मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं. कुणात त्या बळकट आणि कुणात अपुऱ्या का, याला आनुवंशिकता एक कारण. दुसरं, लहानपण कुठं गेलं. अमेरिकेत आमिश आणि हटराइट असे दोन शेतकरी समाज आहेत, रक्तानं जवळचे. आमिशांचे गोठे घराला लागून, गुरांवर चालणारी शेती; हटराइटांची मोठी यांत्रिक शेती. २०१६ च्या अभ्यासात आमिश मुलांत दमा हटराइट मुलांच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढाच आढळला, आणि आमिश घरांतली धूळ हुंगवलेल्या उंदरांचंही दम्यापासून रक्षण झालं. खानापूरकडच्या जुन्या कौलारू घरात, एका भिंतीआड गोठा असलेल्या घरात वाढलेल्या माणसांची मला आठवण होते. पण याचा अर्थ आता अकरा वर्षांच्या दमेकरी मुलीला गोठ्यात नेऊन बसवा असा घेऊ नका. ते शिकणं पाळण्यातल्या वयातलं.

धूर मात्र आजपासून बंद करता येतो. पावसाळ्यात ओल्या लाकडांवर अंघोळीचं पाणी तापवतात, तो धूर थेट अस्तर जाळतो. निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारीत किंवा विड्या वळायला जाणाऱ्या बायकांत मला वेगळाच दमा दिसतो: इओसिनोफिलपेक्षा न्यूट्रोफिल नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी जास्त, आणि पंपाचं औषध कमी लागू पडणारा. घरात कुणी विडी ओढत असेल तर पोरीसाठी म्हणून सोडायला सांगा.

आता पंप. निळा पंप, सॅल्ब्युटामॉलचा, श्वासनळीचा आवळलेला स्नायू सैल करतो. दहा मिनिटांत बरं वाटतं. पण टीएच-२, इओसिनोफिल, सोलवटलेलं अस्तर, यांतल्या कशालाही तो हात लावत नाही. नुसत्या त्याच्यावर दमा सांभाळणं धोक्याचं आहे. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून ते स्पष्ट नाकारलं आहे. तुम्हाला लिहून दिलेला आहे तो स्टेरॉइडचा पंप. ते औषध पेशींच्या आत शिरून इंटरल्यूकिन बनवणारी यंत्रणाच मंदावतं आणि इओसिनोफिल मरू लागतात. हे व्हायला दिवस-आठवडे लागतात, म्हणून पोर बरी दिसत असतानाही रोज घ्यावा लागतो. 'सवय' म्हणून लोक जे म्हणतात ते असं: पंप बंद केला की महिन्याभरात घुरघुर परत येते. ती सवय पंपाची नाही. टी पेशींची आठवण तशीच असते, तिच्यावरचा हात काढला एवढंच.

स्टेरॉइड या शब्दाची भीती मला समजते. हिशेब सांगतो. पंपाच्या एका दाबात साधारण १०० ते २०० मायक्रोग्रॅम औषध असतं. पाच मिलिग्रॅमच्या एका गोळीत ५,००० मायक्रोग्रॅम, आणि तेही सगळ्या अंगात जाणारं. दर पावसाळ्यात दोन-तीनदा गोळ्यांचा कोर्स घ्यायची वेळ येते त्यापेक्षा पंप कितीतरी हलका. नुकसान शून्य आहे असं मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षं पंप घेणाऱ्या मुलांची उंची सरासरीनं एखाद्या सेंटीमीटरनं कमी भरते. पण ताब्यात न आलेला दमाही वाढ खुंटवतो आणि जीवही घेतो. पंप स्पेसरला (पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्याला) लावून द्या, नंतर चूळ भरायला लावा, उंची सहा महिन्यांनी मोजा, आणि डोस कमी करायचा तो डॉक्टरांना विचारून.

वाक्य पुरं बोलता येईना, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर झाले, निळ्या पंपानं फरक पडेना, तर सकाळ व्हायची वाट बघू नका. रात्रीच गाडी काढून दवाखाना गाठा.

टी पेशींना नव्यानं शिकवायचा एक मार्ग आहे. माइटचाच अर्क अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत इंजेक्शनानं किंवा जिभेखाली द्यायचा. लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये लंडनला गवताच्या परागांचा असा प्रयोग प्रसिद्ध केला होता. यानं नियंत्रक टी पेशी वाढतात, आणि बी पेशी आयजीजी-४ नावाचं दुसरं प्रतिद्रव्य बनवू लागतात. ते माइटचं प्रथिन आयजीईच्या आधीच धरून ठेवतं. किमान तीन वर्षं लागतात. दमा आधी पंपानं ताब्यात आला पाहिजे, इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यात बसायलाच हवं, आणि ज्याला झटका सांभाळता येतो त्याच्याकडूनच घ्यावं. तुमच्या मुलीचा या पावसाळ्यात जम बसला तर पुढच्या वर्षी याचा विचार करण्यासारखा आहे. आयजीई, इंटरल्यूकिन-५ किंवा टीएसएलपी यांनाच अडवणारी इंजेक्शनं निघाली आहेत, ती फार महाग आहेत आणि तिला सध्या त्यांची गरज नाही.

अंथरुणाचं मात्र याच आठवड्यात करा. उशी आणि गादीला चेन असलेलं, घट्ट विणीचं संपूर्ण खोळ घाला. नुसता अभ्रा नव्हे. चादर, अभ्रे आठवड्याला एकदा कढत पाण्यात भिजवून धुवा. ६० अंशाला माइट मरतात. हात घालवत नाही एवढं गरम पाणी पुरतं. तिच्या खाटेवरून कापडी खेळणी आणि लोकरीची पांघरुणं काढा. पाऊस उघडला की खिडक्या उघडा, ओले कपडे तिच्या खोलीत वाळत घालू नका. केर काढताना आणि गाद्या झटकताना ती घराबाहेर, आणि नंतर निदान अर्धा तास बाहेरच. एवढं करूनही पंप थांबवता येणार नाही, पण कमी मात्रेत भागण्याची शक्यता वाढेल.

आता वाकळांचा प्रश्न. घट बसायच्या आधी सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुवायची आपल्या बायकांची रीत पावसाळा सरता सरता येते, नेमकी माइट सगळ्यांत जास्त झालेले असतात तेव्हा. माइटची ती प्रथिनं पाण्यात विरघळतात. गार पाण्यानं माइट मरत नाहीत, पण दाणे धुऊन निघतात, आणि नंतर दिवसभर कडक उन्हात टाकलेल्या पातळ वाकळेत जिवंत माइटही फारसे टिकत नाहीत. तेव्हा मुलीला न्या. फक्त माळ्यावरून वाकळा काढणं, कोरड्या झटकणं, टेंपोत भरणं, हे तुम्ही ती उठायच्या आधी उरका, आणि त्या ढिगावर तिला बसवून नेऊ नका. ती मागून सायकलनं येऊ दे. निळा पंप पिशवीत असू दे. वाकळ पाण्यात पूर्ण भिजली की मग तिनं खुशाल आत उतरून तुडवावी. संध्याकाळी घड्या घालायलाही तिला हरकत नाही, तोवर दाणे बहुतेक मलप्रभेत वाहून गेलेले असतील.